कोमट

इंजिन कोमट होतं.

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे दहा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्बल नदीवरच्या एका मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, तरंगत्या धक्क्याच्या अगदी टोकाला विकायला काढलेली ती शिडाची बोट बांधलेली. फळ्यांवरचं दव अजून गोठलेलंच होतं, म्हणून मुलांना हात धरून चालवत आणलं होतं. मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, डोक्याला लोकरीची टोपी, बोटांच्या पेरांत कायमचं मुरलेलं काळं तेल. ते वर कॉकपिटमध्ये माझ्या मुलाला सुकाणूचा दांडा कसा धरायचा ते दाखवत होते. मी खाली केबिनमध्ये उतरले, पायऱ्यांचा खोका ओढून बाजूला केला, आत हात घातला आणि इंजिनाच्या अंगावर तळवा टेकवला. बाहेर तापमान तीन अंश. हाताला लागलं ते चटका बसण्यासारखं नव्हतं, नुकताच चहा पिऊन खाली ठेवलेल्या कपासारखं होतं. मी हात काढला, खोका जागच्या जागी बसवला, वर आले आणि म्हणाले, "बोट छान ठेवलीत तुम्ही." त्यांनी मान हलवली. माझ्याकडे न बघता.

वापरलेली बोट बघायला गेलं की कुणी काही बोलायच्या आत इंजिनाला हात लावायचा, हे मला शिडाची बोट चालवायला शिकवणाऱ्या पाच दिवसांच्या डे स्किपर कोर्समध्ये आमच्या प्रशिक्षकाने शिकवलं होतं. थंड इंजिन पहिल्या झटक्यात घेतं की खोकत खोकत, मागून येणारा धूर पांढरा, काळा की निळसर, आणि तो किती वेळ रेंगाळतो, यावरून त्याच्या पोटातलं पुष्कळ कळतं. तापलेलं इंजिन मात्र सगळ्यांशीच गोड बोलतं. तुम्ही पोचण्याआधी मालकाने ते चालवून ठेवलं असेल तर समजावं की काहीतरी आपल्याला दिसू नये अशी त्याची इच्छा आहे. मला हे पाठ होतं. तरी त्या दिवशी विचारायची वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं ते बोटीचं कौतुक.

एम २७ महामार्गावरून घरी परतताना मुलं मागच्या सीटवर झोपली. नवऱ्याने विचारलं, "हात चटकन का काढलास?" म्हटलं, "कोमट होतं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाहुणे येणार म्हणून सुरू करून बघितलं असेल गं त्यांनी." तो सोलापूरचा. त्याच्या घरी पाहुणे यायच्या आधी कूलरमध्ये पाणी भरून, पंखा चालतोय ना हे बघून ठेवतात. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या तळहातावर मात्र ती ऊब आठवडाभर बसून राहिली.

दीड वर्ष आम्ही बोट शोधत होतो. चौदा बोटी पाहिल्या. विकायला काढलेल्या बोटीचे फोटो नेहमी जुलैतले असतात: निळं पाणी, पांढरं शीड, कॉकपिटमध्ये टॉवेल वाळत घातलेला. आपण जातो नोव्हेंबरात. डेकवर हिरवं शेवाळ, दोरांना ओल्या गोणपाटाचा वास, आणि केबिनचं दार सरकवलं की आतून येणारी ती सगळ्या जुन्या बोटींची एकच हवा: डिझेल, बुरशी, ओलसर फोम, कधीकाळी सांडलेलं दूध. हळूहळू मी नाकाने बोटी वाचायला शिकले. उशांखाली पाण्याची रेघ उमटली आहे का बघायचं. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ उतरलेत का बघायचं. डेकवर बोटाच्या पेराने ठोकत जायचं, कारण पुष्कळ बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड भरलेलं असतं, आणि कुठल्याशा स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं. चांगल्या जागी टणक वाजतं, कुजलेल्या जागी भद्द. नारळ कानाशी वाजवून घेणाऱ्या घरात वाढल्याचा इतका उपयोग मला आधी कधी झाला नव्हता. शिडाचं कापडही तसंच हातात धरून बघायचं. नवं असताना ते खळ दिलेल्या साडीसारखं करकरतं, दहा-पंधरा उन्हाळे खाल्ले की आजीच्या नेसून नेसून मऊ पडलेल्या लुगड्यासारखं होतं. अंगाला ते मऊ कापड बरं वाटतं, पण वाऱ्याला ते धरून ठेवू शकत नाही.

खरं सांगायचं तर माझं मन आधीच एका बोटीवर बसलं होतं. लिमिंग्टनला पाहिलेली काँटेसा ३२. अंगाने सडपातळ, पाण्यात खोल बसलेली, मागची बाजू निमुळती. १९७९ च्या शिडाच्या बोटींच्या फास्टनेट शर्यतीत वादळ झालं, ३०३ बोटी निघाल्या होत्या, त्यात पंधरा खलाशी गेले. त्या शर्यतीत सगळ्यात लहान बोटींच्या वर्गातून पोचली ती एकटी एक काँटेसा ३२. हे मी इतक्यांदा वाचलं होतं की त्या बोटीच्या कॉकपिटमध्ये बसल्यावर नुसती बसून राहिले. दांड्याचं लाकूड थंड होतं, वापरून गुळगुळीत झालेलं. पुढे बघितलं की नजर आपोआप बंदराच्या तोंडाकडे जाई. आत नवऱ्याचं डोकं दोनदा आपटलं. टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो तर कोपराला कोपर लागलं. मुलगा, सात वर्षांचा, आजूबाजूला बघून म्हणाला, "आई, इथून बाहेरचं दिसत नाही." मालकाने आम्हाला चक्करही मारून आणली. वाऱ्याच्या तोंडावर ती बोट अशी चढली की माझ्या छातीत काहीतरी उघडलं. मागे वळून पाहिलं तर मुलगी, अकरा वर्षांची, दोन्ही हातांनी दोर आवळायचा विंच धरून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे झाले होते. ती घाबरले असं म्हणाली नाही. मला आवडतंय हे तिला दिसत होतं, म्हणून म्हणाली नाही.

त्या बोटीला मी एकटी पुरले असते.

तीन रात्री मी आकडे मांडत बसले. काँटेसाची कील, म्हणजे बुडाखालचं वजनदार पातं, साडेपाच फूट खोल, म्हणजे तिला बारमाही खोल पाणी हवं, म्हणजे मरीनातली महाग जागा. जुन्या बोटीचं असं असतं की एखाद्या वर्षी तिची जागा, विमा, रंग आणि दुरुस्ती मिळून तिच्या स्वतःच्या किमतीच्या पुढे जातं. पण पैशांचा हिशेब मी मनाची समजूत घालायला करत होते. खरा हिशेब शनिवार-रविवारचा होता. शुक्रवारी रात्री दमून आलेली चार माणसं. शनिवारी सकाळी सामान भरून, भरती बघून निघायचं. ताशी चार मैल धरले तर दिवसात दहा-बारा सागरी मैल, त्याहून जास्त केले की मुलं कंटाळतात. रविवारी दुपारी परत, कारण सोमवारी शाळा. अशा दोन दिवसांसाठी वादळातून सुखरूप येणारी बोट लागत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा यावंसं वाटेल अशी बोट लागते. नवऱ्याच्या अटी तीनच होत्या: संडासाला दार हवं, जेवताना पाठ टेकायला जागा हवी, आणि चहा करताना मान ताठ राहायला हवी. सुरुवातीला मला या अटींचा राग येई. समुद्रावर जायचं आणि संडासाच्या दाराचं बोलायचं! पण चौदापैकी नऊ बोटी त्याच तीन अटींवर बाद झाल्या आणि आज वाटतं, त्याने बोट माझ्यापेक्षा चांगली ओळखली होती.

म्हणून मग सेंटॉर, हॅम्बलला बांधलेली ती. सव्वीस फुटी, १९६९ ते १९८० या काळात दोन हजार चारशेच्या वर बनली, वॉटरलूव्हिलला, आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर. आखणी बोटींचे आराखडे करणाऱ्या लॉरेंट जाइल्स यांच्या कचेरीतली. इथल्या कुठल्याही खाडीत शिरा, दोन-तीन तरी दिसतातच. देखणी नाही. खांदे रुंद, नाक बोथट, वाऱ्याच्या तोंडावर चढायला काँटेसाच्या मानाने जड. ती मला एसटीच्या लाल गाडीसारखी वाटते. लाल गाडीच्या रूपाचं कुणी कौतुक करत नाही, पण गावातल्या सगळ्यांच्या सुट्ट्या, लग्नं आणि परीक्षा तिच्यातूनच झालेल्या असतात. आत नवरा ताठ उभा राहिला. संडासाला दार होतं. खिडक्या मोठ्या, बसल्या बसल्या बाहेरचं पाणी दिसणाऱ्या. आणि कील एक नाही, दोन, जेमतेम तीन फुटांच्या. ओहोटीला पाणी निघून गेलं की ती दोन पायांवर चिखलात उभी राहते. एका कीलची बोट अशा वेळी कुशीवर पडते.

आता इथल्या पाण्याचं सांगायला हवं. साउथॅम्प्टनला उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि भरती एकदा येऊन थांबत नाही. थोडी ओसरल्यासारखी होते आणि पुन्हा वर येते. वाइट बेटाच्या आतल्या या पट्ट्यात वारा पश्चिमेचा असला आणि ओहोटीचा ओढा पश्चिमेला जात असला की दोघं एकमेकांवर उठतात आणि पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं होतं. कोर्समध्ये भरतीची कोष्टकं वाचायला शिकवतात. मी वर्गात बसून बोटांवर मोजत होते. आजीने शिकवलेलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला अकरा-सव्वाअकरा. हर्णैच्या अंगणात मासे निवडताना सांगितलेलं ते गणित इथे तंतोतंत जुळावं असं काही नाही, पण उधाणाची मोठी भरती इथेही भर दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपासच येते. कोष्टकावर बोट ठेवून मी ते पडताळलं तेव्हा शेजारचा मुलगा काय झालं म्हणून विचारू लागला. काही सांगता आलं नाही.

ज्या आजीने भरती शिकवली तिनेच आम्हाला कधी होडीत पाऊल टाकू दिलं नाही. तिचं माहेर रेवदंड्याचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली त्यात तिचा मावसभाऊ होता. गटारीला घरी यायला निघाला होता. सहाशेच्या वर माणसं गेली, किनारा दिसत असताना. आजी त्या दिवशी दरवर्षी चूल उशिरा पेटवायची. म्हणजे समुद्राचं वेड आणि समुद्राची भीती, दोन्ही मला एकाच हाताने भरवलेलं. मुलांच्या लाइफजॅकेटचा दोन पायांमधून जाणारा पट्टा मी दर वेळी स्वतः ओढून बघते. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर तरंगतं आणि लेकरू खाली सरकतं. डेकवर चालताना पट्ट्याचा हूक लावल्याशिवाय एक पाऊलही नाही, हा आमच्या बोटीवरचा पहिला नियम. मुलगी म्हणते, "आई, हवा तरी आहे का आज?" मी म्हणते, लाव.

आणि याच आजीची एक गोष्ट होती, जी त्या कोमट इंजिनापाशी मला आठवली आणि मग सोडेना.

आजोबा गलबतावर तांडेल होते आणि त्या गलबतात त्यांची चार आण्यांची पाती होती. मंगलोरी कौलं, मीठ, जळाऊ लाकूड, जे मिळेल ते हर्णैवरून मुंबईला आणि मुंबईवरून खाली. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, घाटावरून माल दोन दिवसांत पोचू लागला, आणि भागीदारांनी गलबत विकायचं ठरवलं. जयगडचे एक नाखवा बघायला येणार होते. लाकडी बोट म्हटली की ती पाणी पिणारच. सांध्यांत कापूस आणि राळ कितीही ठासा, जुन्या फळ्या झिरपतातच. आजी सांगायची: "आदल्या रात्री हे आणि दोन खलाशी, कंदील लावून, पहाटेपर्यंत पाणी उपसत होते. सकाळी बघतायत तर बोट कोरडी ठाक!" इथे ती टाळी द्यायची. मग नाखवा आले, तळाशी उतरले, उकिडवे बसले, फळ्यांवर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. उठून हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "बोट चांगली ठेवलीत हो, तांडेल." ठरलेली रक्कम दिली. आम्ही नातवंडं दर वेळी हसायचो. आजोबा मात्र ही गोष्ट निघाली की ओटीवरून उठून मागच्या परसात जायचे. का जातात, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

रात्रभर उपसलेली फळी सकाळपर्यंत सुकत नाही. पाणी गेलं तरी लाकूड ओलं राहतं, थंड लागतं, हाताला खारट चिकटपणा येतो. आयुष्य दर्यावर काढलेल्या माणसाच्या तळहाताला हे कळलं नसेल, असं होणं शक्य नाही. त्याला कळलं होतं. तरी तो तसं बोलला, आणि पैसे दिले. का? मोटार चालवताना, भांडी घासताना, रात्री कूस बदलताना मी या एका प्रश्नाशी येऊन थांबायचे. त्याने उपसलेल्या पाण्यापलीकडे काही पाहिलं असेल का? नव्याने भरलेले सांधे, माशाच्या तेलाने चोळलेलं अंग, वेटोळी घालून ठेवलेले दोर? की कंदिलाच्या उजेडात रात्रभर वाकलेली तीन माणसं त्याला दिसली असतील? की त्याला बोट स्वस्तात मिळत होती आणि बाकी काही नव्हतं? आजोबांना मी फसवणारे म्हणू शकत नाही. मग हॅम्बलच्या म्हाताऱ्यांना कुठल्या तोंडाने म्हणू? पण माझ्या बोटीत माझी मुलं बसणार होती. जयगडच्या नाखव्यापाशी मला एवढंच विचारायचं होतं, की तुमच्याबरोबर त्या बोटीत कोण बसणार होतं?

गुरुवारी मी फोन केला. म्हटलं, "मला इंजिन पूर्ण थंड असताना सुरू होताना बघायचं आहे." पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "शनिवारी सकाळी सात वाजता या. तोवर मी त्याला हात लावणार नाही."

त्या सकाळी मी एकटीच गेले. नदीवर धुकं, डोलकाठ्यांचे शेंडे तेवढे वर आलेले. ते कॉकपिटमध्ये बसले होते, थर्मासमधला चहा दोन कपांत ओतून. त्यांनी मला आधी खाली जायला सांगितलं. मी हात लावला. बर्फ. मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, फिरलं, थांबलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा खोकला, खडखडलं, मागून पांढऱ्या धुराचा लोट धुक्यात मिसळला आणि ते लागलं. धूर चार-पाच मिनिटांनी विरत विरत संपला. ते म्हणाले, "हिवाळ्यात तीनदा लागतं. उन्हाळ्यात एकदा पुरतं. तुम्ही फोन केला नसतात तरी मी सांगणार होतो." यावर माझा विश्वास बसला की नाही, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. मग म्हणाले, "मुलं येणार होती. त्यांच्यासमोर ते तीनदा बंद पडावं असं वाटलं नाही." यावर मात्र बसला.

चहा पिताना त्यांनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या. म्हटलं, मुंबईच्या खाली, किनाऱ्यावरच्या. ते एकदम सरळ बसले. "मी लहानपणी मुंबईच्या जहाजात झोपलोय. झुल्यात." शाळेत असताना त्यांनी पोर्टस्मथच्या बंदरात 'फुद्रोयां' नावाच्या प्रशिक्षण जहाजावर एक आठवडा काढला होता. ते जहाज म्हणजे मूळची 'त्रिंकोमाली', जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेली, १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरलेली. १९८६ पर्यंत तिच्यावर इथली पोरं दोर ओढायला शिकत होती. नंतर तिला उत्तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला नेलं, डागडुजी झाली, जुनं नाव परत मिळालं, आणि ती आजही तिथे तरंगते आहे. "त्या लाकडाला वास होता," ते म्हणाले, "मिरीसारखा." मी त्यांच्या १९७६ सालच्या फायबरग्लासच्या बोटीत बसून दोनशे वर्षांपूर्वीच्या सागवानाचा वास ऐकत होते.

बोट उचलून तपासणी केली. सर्व्हेअरने अर्धा दिवस छोट्या हातोडीने तळ ठोकला, मी मागे मागे कान लावून. रंग खरवडून ठिकठिकाणी ओलावा मोजला, फायबरग्लासमध्ये पाणी मुरून येणारे ऑस्मोसिसचे फोड शोधले, दोन्ही कील जिथे बुडाला जोडलेल्या असतात तिथे टॉर्च मारून केसाएवढी रेघ तरी आहे का पाहिलं. तळातून पाणी आत-बाहेर नेणारे चार नळ आहेत. त्यातल्या दोघांना त्याने पात्याने खरवडलं तर आतून पितळ गुलाबी निघालं. खाऱ्या पाण्याने जस्त खाऊन टाकलं की उरतं ते तांबं, दिसायला नळ, ताकद बिस्किटाची. असा एक नळ निखळला की बोट धक्क्याला बांधलेल्या जागी बुडते. डोलकाठीच्या तारा आठ वर्षांच्या होत्या, दहा झाल्या की विमावाले बदलायला लावतात. नळ आणि खिडकीची रबरं यांचे पैसे मी किमतीतून कमी करून घेतले. इंजिनाचा उल्लेख अहवालात होता. मी त्याचे पैसे कापले नाहीत. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं केलंस," आणि नंतर, "पण का?" जयगडच्या नाखव्याची गोष्ट त्याला तेव्हा पहिल्यांदा सांगितली.

विक्रीच्या कागदावर एक रकाना होता: किती हिस्से विकत आहात. ब्रिटिश नोंदणीत जहाजाचे चौसष्ट हिस्से असतात, पूर्वीपासून. त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं: ६४. चार आण्यांची पाती म्हणजे यातले सोळा, माझ्या डोक्यात हिशेब झाला. मग त्यांनी मला आत नेऊन छताच्या तुळईवर कोरलेला नोंदणीचा आकडा दाखवला, माझं बोट धरून त्या अंकांवरून फिरवलं, आणि निघताना केबिनच्या दाराच्या चौकटीवर दोनदा थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. परत मागे वळून पाहिलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात एका उधाणाच्या शनिवारी वाइट बेटावरच्या बेंब्रिजला गेलो. बंदराच्या तोंडापाशी वाळू आहे, दोन कीलांच्या बोटी तिथे ओहोटीत उभ्या राहतात. भरतीवर आत शिरलो, नांगर टाकला, जेवलो. चारच्या सुमाराला तळाखाली एक हलका धक्का बसला, मग दुसरा, आणि बोटीचं कायमचं डुलणं थांबलं. मुलं शिडीवरून उतरून वाळूवर चालत गेली. मुलगी बोटीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, कीलला हात लावला, वर माझ्याकडे बघून ओरडली, "आई, ही उभी आहे!" तो आवाज लिमिंग्टनच्या त्या दिवशी ऐकायला मिळाला नव्हता. तरी सांगते, त्याच संध्याकाळी एक काँटेसा सगळी शिडं भरून बाहेरून पूर्वेला गेली आणि ती भूशिराआड जाईपर्यंत मी भांडी घासायची थांबले होते.

गेल्या एप्रिलमध्ये सासूबाई आणि सासरे आले. सासरे सोलापूरच्या गिरणीत तीस वर्षं फिटर होते. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलेला, दोन्ही वेळा चौपाटीवरून. सुनेने बोट घेतली हे त्यांनी तिकडे सगळ्यांना सांगितलं होतं. त्या शनिवारी पहाटे चांगलाच गारठा होता. सगळे आवरत होते तोवर मी पाव-दूध आणायच्या निमित्ताने आधी निघाले, धक्क्यावर गेले, खोका सरकवला आणि किल्ली फिरवली. तिसऱ्यांदा लागलं. दहा मिनिटं चालू दिलं, बंद केलं, खोका लावला, दुकानातून पाव घेतले.

दहा वाजता सगळे आले. सासूबाईंना हात धरून आत घेतलं, त्यांनी आधी पाण्याला आणि मग बोटीला नमस्कार केला. सासरे कॉकपिटमध्ये क्षणभर टेकले आणि म्हणाले, "मशीन कुठंय?" मी खोका काढला. ते गुडघे धरत सावकाश खाली बसले, आत वाकले, आणि इंजिनाच्या अंगावर सबंध तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मी पायरीवर उभी होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग हात काढून खिशातल्या रुमालाला पुसला.

"कर सुरू," म्हणाले.

पहिल्याच झटक्यात लागलं.